घरीच असते

आमच्या घरात चोर शिरला असता तर हळहळून स्वतःची चार भांडी ठेवून गेला असता. बाहेरच्या खोलीत दोन गाद्या, एक घडीचं टेबल, येताना आणलेल्या बॅगा आणि कुणीतरी रस्त्याकडेला टाकून दिलेली एक खुर्ची. ती आम्ही दोघांनी जिन्याने वर आणली होती, कारण लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला घर मिळालं ते बिनलिफ्टच्या इमारतीत. एवढ्या संसारासाठी इमारतीच्या ऑफिसातल्या बाईने आम्हाला सुनावलं, "महिन्याच्या आत भाडेकरूचा विमा काढा आणि कागद आणून दाखवा. नाहीतर घर सोडा."

भिंती आणि छत मालकाच्या विम्यात, म्हणाली. आत जे काही आहे ते तुमचं तुम्ही बघायचं.

मी माझ्या नवऱ्याला चारचौघांत 'हे' म्हणते. इथे नवराच म्हणणार आहे. डोकं फिरलेलं असताना अहो-जाहो फार वेळ टिकत नाही.

तर नवरा लिफ्टचा मेकॅनिक. आपल्याकडे त्याला मोठमोठ्या इमारतींतून बोलावणं यायचं. या देशात उतरल्यावर कळलं की तिकडचा परवाना इकडे चालत नाही. पुन्हा परीक्षा, पुन्हा परवाना, आणि तोवर एका स्क्रूला हात लावायचा नाही. मग तो घरात बसला. सकाळी दाढी करून, शर्ट खोचून, टेबलाशी पुस्तकं उघडून बसायचा. मला त्याची दया यायची. हे मुद्दाम सांगते, नाहीतर मी पहिल्या दिवसापासून त्याच्यावर खार खाऊन होते असं वाटेल. तसं नव्हतं.

घर चालवायचं तर कुणीतरी हातपाय हलवायला हवे होते. मला शिवण येते. आपल्याकडे आख्ख्या गल्लीच्या पोरांचे गणवेश मी शिवलेत. दोन चौक ओलांडले की लग्नाच्या गाउनचं दुकान होतं, तिथे जाऊन उभी राहिले. भाषा कामापुरती येत होती. मालकीणबाईंनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि एक गाउन पुढे टाकला. खाली जाळीचे इतके थर की कुठला कशाला जोडलाय ते कळू नये. म्हणाल्या, "चार बोटं कमी करून आण. कुठे कमी केलंय ते दिसलं नाही तर पुढचं काम देईन." मी घरी आणला, सगळे थर एकेक करून उसवले, परत लावले आणि नेऊन दिला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात उलटा धरला, सुलटा धरला, आणि आणखी दोन माझ्या हातावर ठेवले.

त्या पैशातून भाडं जायला लागलं. मग एक शिवणकारखाना बंद होत होता तिथून मी कारखान्यातलं मशीन घेतलं. टेबलाखाली मोटर असलेलं, जड, लोखंडी. पावलाने जरा दाबलं की जाडजूड अस्तरातूनही सरसर टीप मारतं. छोट्या खोलीत ते ठेवलं, आणि त्या खोलीत दुसरं काही मावेना. मला दुसरं काही नकोच होतं.

आणि आता हा विमा.

पहिल्या कंपनीने जो आकडा सांगितला तो ऐकून मी हसले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इतकं महाग का, विचारलं तर म्हणे तुम्ही नवीन आहात, तुमचा मागचा इतिहास आमच्याकडे नाही. चाळिशी उलटलेली माणसं आम्ही, आणि आम्हाला इतिहास नाही. आमचं लग्न, आमची घरं, वेळेवर भरलेली भाडी, सगळं विमानातून खाली सांडलं की काय?

दुसऱ्या कंपनीने सांगितलं, कमीत कमी इतक्या रकमेच्या सामानाचाच विमा काढता येतो. तेवढं सामान आमच्या सगळ्या खानदानाकडे मिळून नव्हतं. म्हणजे आमच्याकडे नसलेल्या सोफ्याचे पैसे भरायचे, नसलेल्या टीव्हीचे भरायचे, आणि ते चोरीला गेले तर मिळणारही नाहीत. तिसऱ्यांनी फोन धरून ठेवायला सांगून गाणं लावलं. ते गाणं मला आजही पाठ आहे. चौथ्याशी नवरा घासाघीस करायला लागला. "ते राहू द्या हो, शेवटचं किती ते बोला."  पलीकडच्या माणसाने तोच आकडा पुन्हा वाचला.

महिना संपत आला. ऑफिसातली बाई जिन्यात भेटली की नमस्कारचमत्कार न करता एकच शब्द बोलायची, "विमा?" मला त्या शब्दाची चीड यायला लागली होती. डोक्यावर छप्पर आहे म्हणून भाडं भरायचं आणि ते छप्पर टिकावं म्हणून आणखी भरायचं. गरिबाला स्वस्तात काही मिळत नाही, त्याची गरिबीसुद्धा महाग असते.

शेवटी परीक्षेच्या वर्गात नवऱ्याच्या शेजारी बसणाऱ्या एका वेल्डरने एका कंपनीचा नंबर दिला. नवख्या लोकांना घेतात, म्हणाला. फोनवर चारदोन प्रश्न विचारतात, आणि उत्तरं सरळ असली तर हप्ता खाली येतो.

नवऱ्याने फोन लावला तो छोट्या खोलीतूनच, कारण तिथेच रेंज यायची. मी मशीनवर होते. मालकीणबाईंना दुपारी गाउन द्यायचा होता. फोन स्पीकरवर होता. पलीकडे एक बाई, गोड आवाजाची.

"कुत्रा आहे का?"

"नाही."

"घरात कुणी सिगारेट ओढतं?"

"नाही."

"तुम्ही काय करता?"

"लिफ्ट मेकॅनिक," नवरा म्हणाला. पाच महिने घरी बसलेला माणूस. पण तो मेकॅनिक होताच की. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

"घरात आणखी कोण राहतं?"

"बायको."

"त्या काय करतात?"

"काही नाही. घरीच असते."

मला वाटतं त्या क्षणी माझा पाय मशीनवरच होता. कारण ती बाई म्हणाली, "मागे कसला तरी आवाज येतोय." नवऱ्याने माझ्याकडे पाहून हात केला, आणि त्याला नीट ऐकू यावं म्हणून मी मशीन थांबवलं.

"बायको शिवत बसलीय," तो म्हणाला.

"अरे वा! छान छंद आहे. घरून काही व्यवसाय वगैरे चालतो का?"

"छे छे."

हप्ता खरोखरच आवाक्यातला निघाला. नवऱ्याने आनंदाने टेबलावर थाप मारली. पहिला हप्ता माझ्या कार्डावरून गेला, कारण त्याच्या खात्यात खडखडाट होता. मी चहा केला. आम्ही दोघांनी त्या एका खुर्चीवर आणि गादीवर बसून तो प्यायला आणि मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी कागद ऑफिसातल्या बाईच्या टेबलावर आपटला तेव्हा तर फारच.

'घरीच असते' हे वाक्य मला टोचलंच नाही. कसं टोचणार? जन्मभर ऐकत आले. बँकेत, दवाखान्यात, लग्नकार्यात. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "सून घरीच असते हो," आणि त्याच वेळी आतल्या खोलीत मी त्याच पाहुण्यांच्या मुलीचा फ्रॉक बेतत असायची. शिवाय मनात मी एक हिशेब लावून टाकला होता. नवऱ्याने हप्ता कमी व्हावा म्हणून मुद्दाम तसं सांगितलं असणार. हुशार आहे माझा नवरा, असंही वाटलं. मूर्ख मी.

पुढे नवऱ्याला परवाना मिळाला, नोकरी लागली. घरात सोफा आला, टीव्ही आला, गालिचा आला. मोठा सोफा, सगळी बैठकीची खोली खाऊन टाकणारा. मी शिवत राहिले. मालकीणबाई आता मापं घ्यायलाही मला बोलवायच्या.

आणि एका दुपारी मी दुकानात गेलेली असताना छतातला पाइप फुटला.

परत आले तर दाराखालून पाणी जिन्यात येत होतं. बैठकीच्या खोलीत छताचा एक मोठा तुकडा सोफ्यावर पडलेला, आणि छोट्या खोलीत तर वरून धारच लागली होती. मशीनचं डोकं लालसर पाण्याने माखलं होतं. मोटरमध्ये पाणी भरलं होतं. आणि दांडीवर टांगलेले तीन गाउन, तीन वेगवेगळ्या मुलींच्या लग्नाचे, गंजाच्या पाण्याने खालपासून वरपर्यंत रंगले होते. मी पहिल्यांदा मेन स्विच पाडला. मग गाउन उतरवून न्हाणीघरातल्या टबात ठेवले. मग मी तिथेच खाली बसले आणि मोठमोठ्याने रडले. घरात कुणी नव्हतं, मला लाज वाटायचं कारण नव्हतं.

मालकीणबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. त्या वाईट नाहीत, पण दुकानदार आहेत. म्हणाल्या, "दुकानाबाहेर गेलेला कपडा माझ्या विम्यात नाही. तुझ्या विम्यात असेल. बघ, आणि लवकर सांग. एकीचं लग्न तोंडावर आलंय."

संध्याकाळी नवरा आला, बूट हातात घेऊन पाण्यातून चालत. त्याने आधी सोफा पाहिला. मी म्हटलं, "विमा आहे, पण तुम्ही तेव्हा मुद्दाम सांगितलं होतं ना, बायको काही करत नाही म्हणून? स्वस्तात पडावं म्हणून? आता ते अंगाशी येणार."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला चोर म्हटलं होतं.

"मुद्दाम? मी खोटं बोललो असं म्हणतेस?"

"मग?"

"त्या बाईने विचारलं, मी सांगितलं. तू घरीच असतेस की. कुठे नोकरीला जातेस?"

"आणि हे?" मी छोट्या खोलीकडे बोट दाखवलं.

"अगं, ते तू वेळ जावा म्हणून करतेस. नवीन गाव, ओळखी नाहीत. मीच म्हटलं होतं ना, काहीतरी करत राहा, मन रमेल. चार पैसेही मिळतात, चांगलंच आहे."

"तुम्ही घरी बसला होतात तेव्हा भाडं कुणी भरलं?"

"भाडं घरातल्या पैशातून गेलं," तो म्हणाला. अगदी सरळ, शांतपणे, काहीही न लपवता. "तुझं-माझं असं काय असतं त्यात?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो खोटं बोलला असता तर चाललं असतं. पैसे वाचवायला माणूस काय काय बोलतो, मीही बोलते. पण हा खरं बोलला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला असंही नव्हतं, त्याने विचार करून सांगितलं असतं तरी हेच सांगितलं असतं. माझ्याच मशीनच्या आवाजात, माझ्याच पैशाने घेतलेल्या विम्यासाठी, त्याला विचारलं बायको काय करते, आणि त्याच्या मनात खरोखर काहीही आलं नाही.

त्याच वेळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांना फुटलेलं छत दाखवलं, भिजलेला सोफा दाखवला. "अरे देवा, नवाकोरा सोफा!" मग मी मशीन दाखवलं. त्या म्हणाल्या, "ते जाऊ दे गं. आता त्याला नोकरी आहे ना? आता कशाला तुला मान मोडून शिवायचंय?" मायेने म्हणाल्या. मी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि बादलीने पाणी काढायला लागले.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस पाहणीला आला. तरुण, अदबशीर, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवलेला. नवऱ्याने त्या दिवशी सुट्टी घेतली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. पाहणीवाल्याने सोफ्याचे फोटो काढले, टीव्हीचे काढले, गालिच्याचा कोपरा उचलून वास घेतला. हे सगळं मिळेल, म्हणाला. नवरा माझ्याकडे बघून मान डोलवत होता, जणू सोफा त्याने पोटात वाढवला होता.

मग आम्ही छोट्या खोलीत गेलो. तिघं जेमतेम मावलो.

"हे मशीन मोठं आहे," पाहणीवाला म्हणाला. त्याने टॅबलेट छातीशी धरला आणि आमच्याकडे पाहिलं. "नीट समजावून सांगतो. घरगुती वापराचं मशीन असेल तर त्याच्या जागी नवं मिळेल. व्यवसायाचं असेल तर या विम्यात बसत नाही. गाउनचंही तेच. स्वतःचे कपडे असतील तर मिळतील, गिऱ्हाइकाचे असतील तर नाही." मग म्हणाला, "छंद म्हणून बऱ्याच जणी घरी शिवतात."

भला माणूस होता. हाताला धरून मला पैशापर्यंत नेत होता.

"छंदच आहे," नवरा म्हणाला. "वेळ जावा म्हणून करते ती."

"बाईसाहेबांनीच सांगावं, मशीन त्यांचं आहे," पाहणीवाला म्हणाला.

नवरा तोंडावर हसू ठेवून माझ्याशी मराठीत बोलला, जणू हवापाण्याचं बोलतोय. "हो म्हण. नुसतं हो म्हण. नवं मशीन येतंय."

मीही हसू ठेवलं. "तुम्ही गप्प बसा जरा."

"नाटकं नकोत आता. एक शब्द बोलायचाय."

मी सकाळी उठताना ठरवलं होतं की हो म्हणायचं. मी व्यवहारी बाई आहे. शब्दाने अंगाला भोकं पडत नाहीत. एकदा छंद म्हटलं की नवं मशीन दारात, गाउनचे पैसे हातात, मालकीणबाईंचं तोंड बंद, आणि उद्यापासून पुन्हा काम सुरू. नाही म्हटलं की मशीन गेलं, गाउनचं खापर माझ्या डोक्यावर. दोन्ही पारडी मला नीट दिसत होती. माझं तोंड 'हो' म्हणायला उघडलंसुद्धा होतं.

तेवढ्यात नवऱ्याला राहवलं नाही. त्याला वाटलं आपली मदत हवीय. तो पाहणीवाल्याच्या खांद्याला हात लावून, पुरुषाने पुरुषाला सांगावं तसं म्हणाला, "अहो, मी असताना हिला कशाला काम करायला लावीन? माझ्या घरात बायकोवर कमवायची वेळ कधी आली नाही."

कधी, म्हणाला.

"हा माझा धंदा आहे," मी म्हटलं.

त्यांची भाषा मला अडखळत येते, पण ते वाक्य एका दमात आलं. पुढचीही आली. "या मशीनवर मी रोज काम करते. हे गाउन दुकानाचे आहेत. मला त्याचे पैसे मिळतात. हे घर कित्येक महिने त्या पैशावर चाललं. तुमच्या कंपनीचा पहिला हप्ताही मीच भरलाय, कार्ड तपासा. छंद नाही. लिहून घ्या."

नवऱ्याचं हसू तसंच राहून गेलं. काढायला विसरला. "काय बोललीस तू?" तो मराठीत म्हणाला. "वेड लागलंय का? हात दाखवून अवलक्षण!"

पाहणीवाल्याने टॅबलेटवर काहीतरी शोधलं आणि त्याचा चेहरा बदलला. अदब तशीच, पण आवाज कोरडा झाला. "मग मला एक विचारावंच लागेल. विमा घेताना फोनवर तुम्ही सांगितलं होतं की घरून कुठलाही व्यवसाय चालत नाही. आमच्याकडे ते रेकॉर्ड आहे. जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर सगळा विमाच रद्द होतो. सोफा, टीव्ही, काहीच मिळणार नाही. नकळत चूक झाली असेल तर फक्त धंद्याचं सामान वगळू, बाकीचं देऊ."

नवऱ्याचा रंग उडाला. मी त्याला एवढा घाबरलेला परवान्याच्या परीक्षेलाही पाहिला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मी विसरणार नाही, कारण त्यात विनवणी होती.

मला त्याला बुडवता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी नाही बुडवलं. पण दया आली म्हणून नाही, एवढं लक्षात ठेवा.

"ते खोटं बोलले नाहीत," मी म्हटलं. "त्यांना माहीतच नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"मी काम करते ते."

पाहणीवाल्याने त्या एवढ्याशा खोलीकडे पाहिलं. जमिनीला बोल्टने आवळलेलं मशीन, भिंतीवर रंगारंगाने लावलेली रिळं, दांडी, टबातून आणून पुन्हा टांगलेले ते तीन डागाळलेले गाउन, प्रत्येकावर दुकानाची चिठ्ठी टाचलेली.

"एकाच घरात राहून?"

"एकाच घरात. तो फोनही त्यांनी इथूनच केला होता. मी मशीनवर बसले होते, ते माझ्या शेजारी उभे होते. तरी माहीत नव्हतं. तुम्हाला हवी तर शपथ घेते."

पाहणीवाला हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो नवऱ्याकडे वळला. "हे तुमच्या तोंडून ऐकावं लागेल. त्या दिवशी, फोनवर बोलताना, तुमची पत्नी या खोलीत काम करून कमावते हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं?"

फोनवर त्या गोड आवाजाच्या बाईला नवऱ्याने झटकन उत्तर दिलं होतं. आता तो मशीनकडे बघत राहिला. यंत्रातला माणूस आहे तो, मोटर बघितल्यावर तिने किती काम ओढलंय ते त्याला कळतं. पट्टा किती झिजलाय, पायाखालचं लोखंड कुठे घासून पांढरं झालंय, हे तो पहिल्यांदाच बघत होता. इतके महिने त्याने या खोलीत येऊन रेंज तेवढी शोधली.

मग तो मला मराठीत म्हणाला, अगदी हळू, "काय सांगू?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, "खरं ते सांगा."

आणि आता जे सांगते ते माझ्या आईलाही सांगितलेलं नाही. मला त्या क्षणी वाटत होतं की त्याने म्हणावं, माहीत होतं. खोटं का असेना, म्हणावं. म्हणावं की हो, मला माहीत होतं, माझी बायको राबत होती आणि मी तिच्या जिवावर जेवत होतो, पैसे वाचवायला मी ते दडवलं. जाऊ दे सोफा, जाऊ दे टीव्ही, रद्द होऊ दे विमा, ऑफिसातल्या बाईने उद्या घराबाहेर काढलं तरी बेहत्तर. मी आमच्या बॅगा स्वतः उचलून खाली नेल्या असत्या, आणि हसत नेल्या असत्या.

"नव्हतं माहीत," नवरा म्हणाला.

त्याची मान खाली होती. लाज वाटत होती त्याला, मला दिसत होती. पण बोलला तेच. पाहणीवाल्याने ते टॅबलेटवर टिपलं, नवऱ्याची सही घेतली, माझी घेतली, आणि बुटांवरच्या पिशव्या काढून जिना उतरून गेला.

"अब्रू घालवलीस माझी," दार लावल्यावर नवरा म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

"भरपाई मिळतेय ना," मी म्हटलं आणि गाउन पिशवीत भरायला लागले.

दोन गाउनचे डाग मी काढले. तिसऱ्याचे निघेनात, म्हणून खालचे सगळे थर बदलून दिले, मालकीणबाईंच्या दुकानात, त्यांच्या मशीनवर बसून. आता रोज तिथेच जाते. माझं मशीन घ्यायला वेळ लागेल, पण घेईन, आणि त्याचा विमा वेगळा काढेन, धंद्याचा म्हणून, महाग पडला तरी. नवरा म्हणतो पैसे मी देतो. मी नको म्हणते.

कंपनीने शब्द पाळला. नवा सोफा आला, आधीच्यापेक्षाही मोठा आहे. सासूबाईंना फोनवर दाखवला, त्यांना रंग फार आवडला.

मी अजून त्यावर बसलेले नाही.